पेजमेकरची जुनी फाइल उघडण्याआधी

कार्तिक लागला की गोव्यातल्या फोंडा-डिचोलीकडच्या डीटीपीवाल्यांना जेवायला फुरसत नसते. गावोगावच्या जत्रा, त्यांतली नाटकं आणि त्या नाटकांची हँडबिलं. देवस्थान समितीचा माणूस पेनड्राइव्ह टेबलावर ठेवून म्हणतो, "गेल्या वर्षीचीच फाइल आहे, फक्त तारीख आणि पात्रं बदला." फाइल हमखास पेजमेकरची, म्हणजे अडोबीच्या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रामची असते.

या पेजमेकरमध्ये एक जुनी फट आहे. ७.०.१ आणि ७.०.२ या आवृत्त्यांबाबत ती २००७ साली जाहीर झाली, सॉफ्टवेअरमधल्या फटींच्या जाहीर यादीतली नोंद सीव्हीई-२००७-५१६९. दोष फाइलमधल्या फाँटच्या नावात आहे. खिळे जुळवणारा कंपोझिटर आठवा. ज्यात तो खिळे लावतो त्या स्टिकचं माप ठरलेलं असतं, ओळ भरली की तो थांबतो. पेजमेकर फाँटचं नाव वाचताना थांबत नाही. मुद्दाम लांबलचक नाव घातलेली पीएमडी (पेजमेकर ७ ची) फाइल उघडली की नाव ठरलेल्या जागेबाहेर सांडतं आणि 'हे काम संपल्यावर पुढे कुठे जायचं' ही शेजारची नोंद पुसून टाकतं. मग हल्लेखोर सांगेल तिकडे प्रोग्राम जातो. यासाठी इंटरनेट लागत नाही, फाइल उघडणं पुरतं. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यातच सुरू झाला, पण खिळ्यांच्या त्या जमान्यात निदान हा त्रास नव्हता.

आधी तुमची आवृत्ती पाहा: पेजमेकर उघडून हेल्प मेनूतलं 'अबाउट पेजमेकर'. अडोबीने या दोषावर दुरुस्ती दिली होती, पण आपल्याकडच्या बहुतेक प्रती कुठून आल्या ते आपल्याला ठाऊक आहे. अशा प्रतीला दुरुस्ती लागलेली नाही असंच धरून चाला.

मग पेजमेकरला वेगळं बसवा. ज्या पीसीवर तो आहे त्याची नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा. बहुधा तो पीसी एक्सपीवर किंवा विंडोज ७ वर असतो. पहिल्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला बंद केला, दुसऱ्याचा १४ जानेवारी २०२० ला. जीएसटीचं बिल, बँक, ईमेल यांपैकी काहीही त्या पीसीवर नको. रोजच्या कामाला कंट्रोल पॅनलमधून साधं युजर खातं काढा, ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून काम करू नका. फाइलमधून घुसलेल्या कोडला तुमच्या खात्याएवढीच मोकळीक मिळते, म्हणून खातं जेवढं छोटं तेवढं बरं.

पेनड्राइव्ह थेट त्या पीसीला लावू नका. आधी अद्ययावत अँटिव्हायरस असलेल्या दुसऱ्या मशीनवर तपासा. तिथे फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू टॅबमध्ये (विंडोज ११ वर व्ह्यू मेनूतल्या 'शो'मध्ये) 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'ला टिक करा, म्हणजे शेपटी दिसेल. ६.५ ची फाइल पी६५ असते, ७ ची पीएमडी. 'जत्रा.पीएमडी.ईएक्सई' असं दिसलं तर ती फाइल नाहीच, प्रोग्राम आहे. मागे एका गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर व्हायरसने शॉर्टकट झालेले मी न बघता उघडले आणि त्या रात्री विंडोज पुन्हा टाकत बसलो. हँडबिलं दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

अडोबीचाच नवा प्रोग्राम इनडिझाइन वापरणाऱ्यांनी निवांत होऊ नये. त्यातही अशा फटी निघतात आणि अडोबी सहसा महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या देते. क्रिएटिव्ह क्लाउडमधलं अपडेट तेव्हाच घ्या. क्रॅक केलेल्या प्रतीला अपडेट मिळत नाही, आणि क्रॅकची फाइलच विषारी असू शकते.

खरा उपाय मात्र जुन्या फाइली पेजमेकरमधून बाहेर काढणं. पावसाळ्यात काम मंद असतं, तेव्हाच हे करा. आधी सगळ्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती काढून कपाटात ठेवा. इनडिझाइन सीएस६ पेजमेकरच्या ६ आणि त्यापुढच्या फाइली उघडतो. ते नसेल तर लिबरऑफिस हा ऑफिस प्रोग्राम फुकट आहे, तोही पेजमेकरच्या फाइली वाचतो. मांडणी थोडी विस्कटते, मजकूर हाती लागतो.

पण मराठी मजकूर तिथे इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल, कारण जुने श्रीलिपी, शिवाजी वगैरे फाँट युनिकोडचे, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांवर एकसारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षरांचे नव्हते. घाबरू नका. त्या त्या फाँटचा कन्व्हर्टर लावून मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि मग छापील जुनं हँडबिल शेजारी ठेवून डोळ्यांनी ताडून पाहा. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास सरकतात, जोडाक्षरं तुटतात. नाटकाचं नाव आणि देवाचं नाव एकदा वाचलं तरी चालेल, पात्रपरिचय दोनदा वाचा. 'पार्सेकर'चा रफार हलला की त्यांचा फोन येतो, तोही गठ्ठा गावात वाटून झाल्यावर.