अंगठ्याचं मूळ दुखतंय? ऑपरेशनआधी हे करा

रोज कात्री चालवून माझ्या उजव्या अंगठ्याचा मनगटालगतचा सांधा ढिला झालाय. बरणीचं झाकण फिरवलं की कळ येते. हॅन्ड थेरपिस्टने शिकवलेलं सांगते.

स्प्लिंट, म्हणजे सांध्याला आधार देणारा पट्टा, असा घ्या, की अंगठ्याचं मूळ धरलं जाईल आणि टोक मोकळं राहील. कामाच्या वेळी घालायचा. नुसतं क्रेप बँडेज गुंडाळून काही होत नाही.

व्यायामाला घाई नको. हात करंगळीच्या कडेवर टेबलावर ठेवा, अंगठा पेला धरल्यासारखा गोल. तर्जनीत रबरबँड अडकवून दुसऱ्या हाताने करंगळीकडे ताणा आणि तर्जनी अंगठ्याकडे आणा. अंगठा हलवायचा नाही. दोघांमधला मांसल भाग टणक झालेला चाचपून बघा, तोच स्नायू सांध्याला जागेवर धरतो. दुखलं किंवा अंगठ्याचा मधला सांधा मागे वाकला की थांबायचं. चेंडू दाबायचा सल्ला सगळेच देतात, मी तो टाळते.

कात्रीच्या कड्याला चिंधी गुंडाळा, पिशवी कोपरात अडकवा. गरम शेक बरा वाटतो. डायक्लोफेनॅक जेल, म्हणजे दुखण्यावर चोळायचं औषध, डॉक्टरांना विचारून. पडून, मुरगळून सांधा अचानक ढिला झाला असेल, तर यातलं काहीही न करता आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.