वेगळा अँगल लावताना या चुका टाळा

गोष्ट सरळसाधी आणि कॅमेरा मात्र कधी फरशीवर, कधी पंख्याला, कधी पात्राच्या कपाळावर. शॉर्टफिल्ममध्ये हे हल्ली फार दिसतं. त्यात अँगलचा दोष नसतो, ती नजर कोणाची हेच ठरलेलं नसतं.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पीओव्ही (पॉइंट ऑफ व्ह्यू, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून दिसणारा शॉट) शेवटपर्यंत ताणणं. १९४७चा ‘लेडी इन द लेक’ बघा. दिग्दर्शक रॉबर्ट माँटगोमेरी स्वतःच गुप्तहेर मार्लो झाला आणि जवळपास अख्खा सिनेमा त्याने मार्लोच्या डोळ्यांतून दाखवला. नायक दिसतो तो बहुतेक आरशात. समोरचे नट लेन्समध्ये बघून संवाद म्हणतात, नायिका चुंबनासाठीही लेन्सकडेच झुकते. सुरुवातीला मजा वाटते. मग जाणवतं, की हा माणूस दचकला की थाप मारतोय हे कळायला त्याचा चेहराच नाही. रिअॅक्शनचा कट, म्हणजे पात्राच्या चेहऱ्यावरची प्रतिक्रिया दाखवणारा शॉट, गेला, आणि रहस्यपट निम्मा त्याच कटवर चालतो.

त्याच वर्षीच्या ‘डार्क पॅसेज’मध्येही सुरुवातीचा बराच भाग हम्फ्री बोगार्टच्या नजरेतून आहे. पण तिथे पळालेला कैदी प्लास्टिक सर्जरी करून चेहरा बदलतो, त्यामुळे चेहरा लपवायला कथेतच कारण आहे. पुढे बँडेज सुटतं आणि बोगार्ट दिसतो. तेव्हा पीओव्ही कुठे सुटणार, हे स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवा.

दुसरी खोड तिरक्या फ्रेमची. ‘द थर्ड मॅन’मध्ये (१९४९) ती शोभते, कारण युद्धाने मोडलेल्या व्हिएन्नात नायक उपरा आहे, त्याला जर्मनही येत नाही. आपल्याकडे सासूबाई चहा घेऊन आल्या तरी फ्रेम कलते! एडिटला असा शॉट खटकला आणि शूट ४केमध्ये, फायनल त्याहून कमी रिझोल्यूशनच्या एचडीत असेल, तर थोडा कल सरळ करता येतो. कडा मात्र कापल्या जातात.

लो अँगलला, म्हणजे कॅमेरा खालून वर रोखला की, छत दिसतं, हे लायटिंग झाल्यावर आठवून उपयोग नाही. ‘सिटिझन केन’मध्ये त्यासाठी कापडाची छतं ताणली होती. फ्लॅटमध्ये शूट असेल तर लाइट कुठे लपणार, ते रेकीलाच, म्हणजे शूटआधी जागा बघायला जाल तेव्हाच, बघा.

आणि ‘फँड्री’चा शेवट आठवा. नायक जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर येतो, तो एकदाच.

तरीही मोह झालाच, तर त्याच सीनचा डोळ्यांच्या उंचीवरचा एक साधा शॉट घेतल्याशिवाय पॅकअप म्हणू नका.