युद्धकाळातील निवडणूक पराभवानंतर गावपातळीवर उमेद कशी टिकवावी

सीमेवर युद्ध सुरू असताना निवडणूक हरलेल्या कार्यकर्त्याने टीव्हीवरील चर्चा काही दिवस बंद ठेवाव्यात आणि आधी गावातील जवानांच्या घरी जावे. तेथे पक्षाचा विषय काढू नये, मात्र म्हाताऱ्या आईवडिलांची कापूस वेचणी किंवा बँकेचे काम अडले असल्यास ते करून द्यावे.

त्यानंतर केंद्रनिहाय मतांचे आकडे पारावर सर्वांसमोर शांतपणे वाचावेत. मतदार यादीतून नाव सुटलेल्यांकडून नमुना ६ (मतदार नोंदणीचा अर्ज) भरून घ्यावा.

धीर खचू लागल्यास विदर्भातील चिमूर आणि आष्टी ही गावे आठवावीत. दुसरे महायुद्ध सुरू असताना १६ ऑगस्ट १९४२ रोजी तेथे झालेला उठाव सरकारने दडपला आणि अनेकांना फाशीची शिक्षा सुनावली. तरीही त्या शिक्षांविरुद्ध चिकाटीने दाद मागितली गेली आणि १९४५ मध्ये उरलेल्या फाशीच्या शिक्षांचे रूपांतर जन्मठेपेत झाले. स्वातंत्र्याची तारीख कोणालाही ठाऊक नसताना एकेका जिवासाठी झालेली ही धडपड मला फार मोलाची वाटते.

म्हणून मोठ्या घोषणांपेक्षा पुढील ग्रामसभेसाठी पांदण रस्त्याचा एखादा अडलेला विषय निवडावा, शेतकऱ्यांच्या सह्या घ्याव्यात, अर्ज ग्रामपंचायतीत द्यावा आणि त्याची पोच घेऊन ठेवावी.