नाटकाच्या संहितेला टॅग लावताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या हौशी मंडळांच्या जुन्या नाटकांच्या वह्या टाइप करून त्यांना टीईआयचे (संहिता संगणकासाठी खुणावायच्या एका प्रमाण पद्धतीचे) एक्सएमएल टॅग, म्हणजे मजकुरातला कुठला भाग काय आहे ते संगणकाला सांगणाऱ्या खुणा, लावायचं काम आम्ही करतो. दर खेपेला नवी पोरं येतात आणि त्याच चुका नव्या उत्साहाने करतात.

सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे कंस दिसला की 'स्टेज', म्हणजे रंगसूचनेचा, टॅग. मागे एका मुलाला अख्खी वह्यांची पिशवी दिली होती. "सर, रेजेक्सनं अर्ध्या तासात संपवतो की!" म्हणाला (रेजेक्स म्हणजे ठरावीक नमुना शोधून सगळीकडे एकदम बदल करायची सोय), आणि खरंच संपवलं. फायली व्हॅलिडेटही झाल्या, म्हणजे टॅगांची रचना नियमात बसते असं संगणकानेच सांगितलं. मीही खूश. महिनाभराने एका प्रवेशातल्या रंगसूचना काढायला बसलो, तर यादीत आलं : 'कुठं गेला होतास?'

वहीत दुकानदार म्हणतो, "एल्ली होगिद्दी?" कन्नड न कळणाऱ्यांसाठी लिहिणाऱ्याने पुढे कंसात मराठी अर्थ दिलेला. पदांच्या 'चाल'ही कंसातच. सगळ्यांची रंगसूचना झाली होती. निस्तरायला तीन आठवडे गेले, कारण कंसाच्या आत काय आहे ते माणसानेच वाचावं लागतं. तेव्हापासून माझा शिरस्ता : आधी टाइप केलेल्या मजकुराच्या छापील प्रतीवर पेन्सिलीने खुणा. अर्थ आणि चाल यांना 'नोट', म्हणजे टिपेचा टॅग, दोघांचे प्रकार वेगळे. 'स्वगत'ला 'स्टेज', प्रकार 'डिलिव्हरी', म्हणजे वाक्य कसं बोलायचं ते. 'जातो'ला 'एक्झिट'. पहिली दहा पानं हातानेच. रेजेक्स वाईट नाही, पण दहा पानं न वाचता ते चालवणाऱ्याला मी संगणकाजवळ बसू देत नाही.

त्याच दुकानदाराच्या वाक्यात दुसरी चूक दडलीय. अक्षरं देवनागरी दिसली की पोरं भाषेचा कोड 'एमआर', म्हणजे मराठी, टाकतात. अहो, वाक्य कन्नड आहे! कन्नड भाषा, देवनागरी लिपी, म्हणून कोड 'केएन-देवा'. मोडीतल्या मराठीला 'एमआर-मोडी'. हे चुकलं तर नाटकात कन्नड किती, असं विचारल्यावर संगणक शून्य म्हणणार. आमच्या भागात प्रकल्पच त्या प्रश्नासाठी असतो.

पात्रांची नावं वहीत आहेत तशी 'स्पीकर' टॅगमध्ये ठेवा, पण माणूस कोण ते 'हू' ॲट्रिब्यूटमध्ये (टॅगला जोडलेल्या जादा माहितीत) आयडीने, म्हणजे प्रत्येक पात्राला दिलेल्या एकाच ठरलेल्या ओळखनावाने, सांगा. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांचं 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलं. त्याच्या कथेत कण्वाचे दोन शिष्य आहेत, शार्ङ्गरव आणि शारद्वत. वहीत नुसतं 'शा.' असेल तर कोण बोलतंय? पुढेमागे वाचून ठरवायचं, अंदाजाने नाही. मी पात्रयादी कागदावर लिहून संगणकाला चिकटवतो. त्यावर हसणाऱ्यांच्या फायलीत 'सखाराम', 'सखा.' आणि 'स.' असे तीन वेगळे इसम सापडलेत.

आयडी अंकाने सुरू करू नका, त्यात मोकळी जागाही नको. '१ला शिपाई' चालत नाही.

पान संपलं म्हणून 'डिव्ह', म्हणजे अंक-प्रवेशाचा टॅग, बंद करू नका. संवाद पुढच्या पानावर जातोच. तिथे 'पीबी', म्हणजे पान बदलल्याचा रिकामा टॅग, टाका, बस.

'दुसऱ्या' शोधून निम्मेच सापडले तर डोकं आपटू नका. तो अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो : 'ऱ' घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. दिसायला सारखे, संगणकाला वेगळे. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची पद्धत) हे जोडचिन्ह काढत नाही, त्यामुळे बदल आपणच करायचा. मी टॅग लावायच्या आधीच सगळीकडे 'ऱ' करून घेतो.

आणि दर पाच पानांनी व्हॅलिडेट करा. शेवटी एकदमच करू म्हणणाऱ्याचा पडदा लाल रेघांनी भरतो, आणि त्यातल्या बहुतेक रेघा पहिल्या पानावर न मिटवलेल्या एकाच टॅगच्या असतात.