पावसाळ्याआधी गॅरेजचं शटर एकदा अर्ध्यावर थांबवून बघा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि धूळ शटरच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत बसते. त्यावर जूनचा पाऊस पडला की गंज धरतो, शटर अडकायला लागतं. म्हणून आधीच हे करा. शटर हाताने कमरेइतकं उचला आणि हळूच सैल सोडा, पण हात जवळच ठेवा आणि पाय खालून बाजूला. ते जागेवर थांबलं तर ठीक. धाडकन खाली आलं किंवा आपोआप वर सरकलं, तर वरच्या स्प्रिंगचा ताण बिघडलाय. ही स्प्रिंग स्वतः कधीच खोलू नका. ताणलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडू शकतो. शटरवाल्या मिस्त्रीलाच बोलवा, तोवर शटर वापरू नका.

पट्ट्या कोरड्या ब्रशने झाडून सिलिकॉन स्प्रे मारा. घट्ट ग्रीस नको, त्यात धूळ चिकटते.

मोटरचं शटर असेल तर बटण मुलांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर हवं, आणि तिथून शटर पूर्ण दिसायला हवं. खाली येणाऱ्या शटरखालून पळत निघायची सवय मुलांना लागली असेल, तर ती आजच मोडा.