नेटवर्क इंजिनिअर व्हायचंय? आधी नेटवर्क बिघडवायला शिका

नेटवर्क इंजिनिअर सदानकदा नवी नेटवर्क उभारत असतो, असा नवख्यांचा समज असतो. प्रत्यक्षात चालू आहे ते चालू ठेवणं आणि अडलं की कुठे अडलंय ते हुडकणं, यातच दिवस जातो. शिकताना तेच डोळ्यांसमोर ठेवा.

१. आधी आयपी आणि सबनेटिंग

नेटवर्कचं काम थरांत मांडणाऱ्या ओएसआय मॉडेलचे सात थर मुलाखतीत घडाघडा म्हणता येतात, पण खरे उपयोगी पडतात ते बिघाड शोधताना. सबनेटिंग, म्हणजे आयपी पत्त्यांचे छोटे गट पाडणं, कागदावरच करा. १९२.१६८.१.०/२६ दिसलं की पत्ते ६४, पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, उपकरणांना उरले ६२ आणि पुढचं सबनेट .६४ पासून, हे कॅल्क्युलेटर न उघडता सांगता आलं पाहिजे. सोबत एआरपी (आयपीवरून हार्डवेअरचा पत्ता शोधणं), डीएचसीपी (उपकरणांना आपोआप आयपी देणं), डीएनएस (नावावरून आयपी शोधणं) आणि नॅट (खासगी पत्ते सार्वजनिक पत्त्यात बदलणं) समजून घ्या.

२. लॅब मांडा, मग मोडा

महागडी उपकरणं लागत नाहीत. सिस्को कंपनीचं पॅकेट ट्रेसर हे नेटवर्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर त्यांच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवलं की फुकट मिळतं. त्याच कामाचं जीएनएस३ तर मुक्त स्रोतच आहे. दोन स्विच, एक राउटर आणि दोन व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्क) एवढ्यावर सुरुवात करा.

सगळं सुरळीत झालं की डीएचसीपी बंद करा आणि संगणकाला पत्ता पुन्हा मागायला लावा. त्याला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळेल. नोकरीत हा पत्ता वारंवार भेटतो. अर्थ एकच: डीएचसीपी सर्व्हरकडून उत्तर आलेलं नाही. डीएचसीपी चालू असताना स्वतःच्या संगणकावर वायरशार्क हे पॅकेट्स टिपणारं सॉफ्टवेअर लावून डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲक ही चार पॅकेट्स बघा. नुसतं वाचून जे डोक्यात शिरत नाही ते इथे लख्ख दिसतं.

बिघाड शोधण्याचा क्रमही इथेच हाताला बसवा. पोर्टचा दिवा लागलाय का? स्वतःचा आयपी बरोबर आहे का? गेटवे (बाहेर जाण्याच्या वाटेवरचा राउटर) पिंग होतो, म्हणजे हाकेला उत्तर देतो का? बाहेरचा ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस सर्व्हर) होतो का? तो होतोय पण संकेतस्थळाचं नाव चालत नाही, तर आधी डीएनएसकडे बघा. केबल न तपासता थेट फायरवॉलवर संशय घेणारे महाभाग प्रत्येक ऑफिसात असतात.

३. सर्टिफिकेट

सुरुवातीला सिस्कोचं सीसीएनए पुरे. परीक्षेचा क्रमांक २००-३०१, वेळ १२० मिनिटं, पूर्वअट कोणतीही नाही. सर्टिफिकेट ३ वर्षं ग्राह्य. फुटलेले प्रश्न पाठ करून पास होता येतंही, पण मुलाखतीत कुणी राउटिंग टेबल (राउटरकडची मार्गांची यादी) समोर ठेवलं की पितळ उघडं पडतं.

४. पहिली नोकरी

हेल्पडेस्क किंवा एनओसी (नेटवर्कवर नजर ठेवणारा कक्ष), जे मिळेल ते घ्या. रात्रपाळी, अलार्म आणि तक्रारींची तिकिटं यांचा कंटाळा येतो खरा, पण इतके वेगवेगळे बिघाड दुसरीकडे कुठे बघायला मिळणार? प्रत्येक तिकिटात लक्षण, कारण आणि उपाय नीट लिहा.

उपकरणांना हात लावायची परवानगी मिळाली की सावध राहा. सिस्को स्विचच्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या जोडणीवर) व्हीलॅन ३० वाढवायचं असेल, तर 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन' या कमांडमध्ये 'ॲड' लिहावं लागतं. ते राहिलं तर आधीची यादी पुसली जाते, एकटं ३० उरतं आणि अख्खा मजला बंद पडू शकतो. दूरच्या राउटरवर काम करताना आधी 'रीलोड इन १०' द्या. बदलामुळे तुमचाच संपर्क तुटला, तर दहा मिनिटांनी राउटर जुनं, सेव्ह केलेलं कॉन्फिगरेशन घेऊन उठतो. म्हणून खात्री होईपर्यंत नवं कॉन्फिगरेशन सेव्ह करायचं नाही, आणि सगळं जमलं की 'रीलोड कॅन्सल' विसरायचं नाही.

५. पुढची वाट

दोनेक वर्षांनी एक दिशा धरा: राउटिंग, वायरलेस, सिक्युरिटी किंवा क्लाउड. राउटिंगकडे ओढा असेल तर बीजीपी, म्हणजे इंटरनेटवरची मोठी नेटवर्क एकमेकांना मार्ग सांगतात ती पद्धत, मुळापासून शिका. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक काही तास जगभर गायब झालं, तेव्हा देखभालीच्या एका चुकीच्या कमांडने त्यांचं अंतर्गत नेटवर्क तुटलं आणि त्यापाठोपाठ त्यांच्या डीएनएस सर्व्हरचे बीजीपी मार्ग मागे घेतले गेले होते.

दिशा कोणतीही असो, पायथन लागणारच. पहिली स्क्रिप्ट नेटमिको ही पायथन लायब्ररी वापरून सगळ्या स्विचच्या कॉन्फिगरेशनचा रोज रात्री बॅकअप घेणारी लिहा. ती फक्त वाचते, त्यामुळे काही मोडायची धास्ती नाही. आणि कुणी 'ॲड' विसरलंच, तर जुनी यादी त्या बॅकअपमध्ये सापडते.