मुतखडा दाखवायला निघण्याआधी

उद्या मुतखडा दाखवायला जळगावला किंवा धुळ्याला निघायचं असेल, तर पिशवी आज रात्रीच भरा. जुनी सोनोग्राफी, लघवीच्या तपासण्या, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), सगळे कागद तारखेप्रमाणे लावा. सीटी स्कॅन झालं असेल तर फिल्म किंवा सीडीही घ्या. खडा किती मिलिमीटरचा आणि कुठे अडकलाय, हे सर्जनला स्वतः बघायचं असतं. 5 मिलिमीटरच्या आतले खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात, त्यामुळे हा आकडा फार महत्त्वाचा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तिथे आवर्जून सांगा, मनाने बंद करू नका. सोनोग्राफीला लघवी भरलेली लागते. तासभर आधी पाणी पिऊन निघा.

थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, किंवा पेशंटला एकच किडनी असेल आणि कळ उठली, तर सकाळची वाट बघू नका. अडलेल्या लघवीत जंतू वाढले की जिवावर बेततं. गरोदर बाईच्या बाबतीतही तेच.

आणि पडलेला खडा! तो फेकून देतात याची मला खरंच हळहळ वाटते. लघवी पातळ सुती कापडातून किंवा जुन्या चहागाळणीतून गाळा, तिळाएवढा कण सापडला तरी धुऊन, वाळवून डबीत ठेवा. कॅल्शियम ऑक्झलेटचा की युरिक ॲसिडचा, हे तपासल्यावरच पुढचं पथ्य नीट ठरतं. एकदा झालेला मुतखडा पुन्हा होऊ शकतो, म्हणून ही डबी हवीच.

घरीही तयारी लागते. दिवसाला निदान अडीच लिटर लघवी व्हायला हवी. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो. केळीच्या बागेत राबणाऱ्याचं बरंचसं पाणी घामातच जातं, त्याला तीन लिटर पाणीही पुरत नाही. पाण्याचा कॅन बांधावर ठेवा, तहान लागायच्या आधी प्या, लघवी फिकट दिसतेय ना ते बघा. लिंबूपाणी चांगलं, पण त्यात मीठ नको. शेवभाजी, पापड, लोणचं कमी करा. दूध-दही मात्र बंद करू नका, जेवणातलं कॅल्शियम खडा घडवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. हृदयाचा किंवा किडनीचा जुना आजार असेल, तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

ऑपरेशनमध्ये डीजे स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंत ठेवलेली बारीक नळी) घातला, तर तो कोणत्या तारखेला काढायचा हे सुट्टी घेतानाच लिहून घ्या आणि घरच्या कॅलेंडरवर मांडा. दुखत नाही म्हणून राहून गेला, तर त्याच नळीवर नवे खडे धरतात.